सोमवारचा शब्बाथ

दिवे गेले म्हणजे लगेच काळोख व्हायचा, असं नव्हतं. आधी ते नुसते थांबायचे. स्टेजवर गाणारी बाई डावीकडून उजवीकडे चालत जायची आणि तिच्यावरचा उजेड डावीकडेच राहायचा, धनी पुढे गेला आणि कुत्रं बसून राहिलं, तसा. गाणं संपलं तरी उजेड उतरायचा नाही. लोक टाळ्या वाजवून थकायचे, बाई वाकून वाकून थकायची. कधी थोड्या वेळात सगळं आपोआप सुरळीत व्हायचं, कधी एकेक दिवा मंद होत स्टेज काळं व्हायचं. मग हॉलमधल्या सगळ्या माना मागे वळायच्या, मागच्या भिंतीतल्या काचेच्या खोलीकडे. त्या खोलीत माझे यजमान बसलेले असायचे.

हॉल नगरपालिकेचा, इस्राएलातल्या अश्दोदमधला. मी तिथे साफसफाईला होते. त्याआधी शिवणाच्या कारखान्यात होते. नव्वदीनंतर कारखान्याची मशीनं जॉर्डनला गेली आणि आम्ही बायका घरी आलो. तेव्हा यांनीच मॅनेजरला सांगून मला हॉलमध्ये लावून घेतलं. आम्ही दोघं सकाळी एकाच बसनं जायचो. मला ते बरं वाटायचं, कारण मला हिब्रू समजतं पण चारचौघांत तोंड उघडत नाही. बसचा ड्रायव्हर काही विचारी, तर हे उत्तर देत.

यांचं काम विजेचं. मुंबईत असताना गिरगावातल्या एका थिएटरात हे नाटकांचे दिवे सांभाळायचे. तिथे हातभर लांब लिव्हर असत, ती ओढून सूर्य उगवायचा आणि मावळवायचा. इकडे आल्यावर पहिली काही वर्षं बंदरात ओझी वाहिली, मग हा हॉल बांधला तेव्हा यांना दिव्यांवर घेतलं. सगळ्या तारा यांच्या डोळ्यांदेखत ओढल्या गेल्या होत्या. तेव्हा प्रत्येक दिव्याची तार वेगळी असे. एखादा दिवा गेला, की हे त्याची तार हातात धरून भिंतीच्या कडेकडेनं चालत जायचे. “तुटली असेल तिथे हाताला कळतं,” म्हणायचे.

दोन हजार साल उलटल्यावर नगरपालिकेनं नवीन पद्धत बसवली. जाड तारांचा जुडगा काढून टाकला आणि त्याच्या जागी करंगळीपेक्षा बारीक अशी एक राखाडी तार आली. मागच्या खोलीत संगणक, स्टेजच्या डाव्या अंगाला कपाट, कपाटात एक चपटी पेटी. संगणक त्या पेटीला सारखी हाक मारतो आणि पेटी ‘ओ’ देते, असं मला यांनी समजावलं होतं. पेटी ओ देते तोवर सगळे दिवे संगणकाचं ऐकतात. ओ आली नाही, की संगणकाच्या पडद्यावर लाल खूण येते आणि दिवे आहेत तिथेच थांबतात. पेटीवर एक हिरवा दिवा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. ओ देत असताना तो लुकलुकायचा.

ही पद्धत ज्या कंपनीनं बसवली, तिथेच आमचा मुलगा कामाला होता. तो इथेच जन्मलेला. लष्करात संदेशवहनाच्या खात्यात तीन वर्षं काढली, मग कोर्स केला आणि तेल अवीवच्या या कंपनीत लागला. नोकरी तात्पुरती होती. कायम झाली तर घरी मलिदा करीन, असा यांनी एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताला नवस बोलला होता. हॉलचं काम या कंपनीला मिळालं तेव्हा हे किती खूश झाले! शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रत्येकाला सांगत होते, “बापाच्या हॉलमध्ये मुलाच्या कंपनीचे दिवे.” खरं तर मुलगा तेव्हा हैफाकडच्या कामावर होता. आमच्या हॉलमध्ये बसवायला दुसरीच माणसं आली होती.

त्या माणसांना यांनी एकच गोष्ट विचारली होती. हे शब्बाथ पाळणारे, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत काम नाही. शुक्रवारी रात्री हॉलमध्ये काही असलं, तर नगरपालिका दुसरा माणूस लावायची, तोही क्वचित. एरवी शुक्रवारी घरी निघताना मागे काहीही जळत ठेवायचं नाही, हा यांचा जुना नेम. कोकणात आमच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा शनिवारी थांबायचा, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणे. हे म्हणायचे, “घाणा थांबतो तर ही पेटी कोण लागून गेली?” म्हणून त्यांनी बसवणाऱ्यांना विचारलं, “शब्बाथला पेटी बंद ठेवली तर चालेल का?”

त्यातला एक शिडीवरूनच म्हणाला, “सबा, तुला हवं ते कर.” सबा म्हणजे आजोबा. यांचे केस तेव्हाही काळे होते.

मग यांनी कपाटात पेटीच्या प्लगला शब्बाथचं घड्याळ लावलं. इथे ते घरोघरी असतं, कारण शब्बाथला आम्ही बटणाला हात लावत नाही. हे घड्याळ आठवड्याचं होतं, तबकडीवर सात वार. शुक्रवारी संध्याकाळी सातला पेटी बंद आणि शनिवारी शब्बाथ उतरल्यावर चालू. क्वचित शुक्रवारी रात्री काही असलं, तर हे दुपारीच घड्याळ काढून पेटी सरळ भिंतीत लावून यायचे. शनिवारी खेळ असला, तर हे घरून जाईपर्यंत पेटी जागी झालेली असायची. वीज गेली, की घड्याळही थांबतं आणि मागे पडतं, म्हणून रविवारी सकाळी आल्या आल्या हे पहिलं काम करायचे ते तबकडी बघण्याचं.

तर दिवे थांबू लागले ते घड्याळामुळे नाही, हे मी आधीच लिहून ठेवते. ते मंगळवारी थांबले आहेत, गुरुवारी थांबले आहेत. शाळेच्या कार्यक्रमात थांबले, मोरोक्कोच्या गाण्यांच्या रात्री थांबले. त्या प्रत्येक वेळी पेटी मिनिटा-दोन मिनिटांनी आपली आपण परत ओ द्यायला लागायची. घड्याळानं बंद केलेली पेटी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उठत नाही. पण हे नंतर कोणी ऐकून घेतलं नाही.

यांनी शोधायचं सोडलं नाही. सकाळी हॉल रिकामा असे, तेव्हा मी झाडायला जायची आणि हे मागच्या खोलीत संगणकापाशी बसायचे. कपाटापाशी उभं राहून हिरव्या दिव्यावर नजर ठेवायला कोणीतरी हवं होतं. मी उभी राहायची. पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये स्टेजवरून ओरडायचं म्हणजे माझ्या घशातून आवाजच निघेना. हे मागून म्हणायचे, “अगं, बोल की! इथे कोण आहे ऐकायला?” मग आम्ही ठरवलं, की मी झाडूचा दांडा फळीवर आपटायचा. दिवा लुकलुकतोय तर एकदा, थांबला तर दोनदा. हे एकेक जोड हलवून बघायचे आणि मी ठोकायची, ठक्, ठक्, ठक्. सकाळच्या वेळी दोनदा ठोकायची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही. दिवा नुसता लुकलुकत राहायचा. संध्याकाळी हॉल भरला, की मग मात्र पेटीला काय व्हायचं कोण जाणे.

हे म्हणाले, समुद्राचा खारा वारा, जोडांवर खार चढतो. सगळे जोड स्पिरिटनं पुसले. मग म्हणाले, बारीक तार जाड तारांच्या अंगाला लागून गेलीय, ती वेगळी काढू. शिडीवर चढून दोन सकाळी घालवून ती वेगळी काढली. मग म्हणाले, उंदीर. मी पिंजरा लावला, त्यात पाल सापडली. कंपनीकडून नवीन तार मागवली, तीही घातली. संध्याकाळी गायकाच्या तोंडावरचा उजेड पुन्हा तिथेच थांबला.

शुक्रवारच्या जेवणाला मुलगा घरी यायचा. हे त्याला मराठीत विचारायचे आणि तो हिब्रूत उत्तर द्यायचा. लहानपणापासून आमच्या घरात संभाषण असंच चालतं.

“अरे, एकदा येऊन बघ ना रे. तुझ्या लष्करात हेच तर शिकवलं तुला.”

“अबा, मी असाच येऊ शकत नाही. कंपनीनं पाठवलं पाहिजे. मॅनेजरला सांग तक्रार टाकायला.”

“टाकली त्यानं. तुमचे लोक म्हणतात, चालवणारा चुकतो.”

“मग जे सांगतात ते जपून कर.”

“काय जपून करू? काय करू नको ते तरी सांग!”

“अबा, जेवताना काम नको.”

हे मासळीचा तुकडा किती वेळ चिवडत राहिले.

उन्हाळा लागला आणि मुलाची नोकरी कायम झाली. त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा यांनी फोन माझ्याकडे दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. रडत होते, हे पाठीवरून कळत होतं. नवस लगेच फेडायचा ठरलं. त्याच आठवड्यात हॉलमध्ये स्टेजच्या मागे रंग लावायचा होता. रंगाऱ्यांसाठी तीन दिवस मेन बंद राहणार होता. यांनी तेवढे दिवस आणि वर रविवारपर्यंत सुट्टी घेतली. इतक्या वर्षांत यांनी एकदम एवढी सुट्टी घेतल्याचं मला आठवत नाही.

रविवारी घरी मलिदा झाला. पोहे भिजवले, नारळ खवले, साखर घातली, वर खजूर, सफरचंदं, केळी आणि गुलाबाची पानं. दहा-बारा घरं आली होती. हे सकाळपासून खवणीवर बसले होते. मी म्हटलं, “सोडा, मी करते,” तर म्हणाले, “नवस माझा आहे.” मुलगा सगळ्यांच्या मध्ये बसला होता, नव्या पांढऱ्या शर्टात. एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणताना त्याला मराठी ओळी आल्या नाहीत, तरी तो ओठ हलवत होता.

त्या रविवारी सकाळी हॉलमध्ये जाऊन तबकडी बघायला कोणी नव्हतं. मेन शुक्रवारी सकाळी रंगाऱ्यांनी चालू केला होता. तीन दिवस झोपलेलं घड्याळ तिथून पुढे चालू लागलं, तीन दिवस मागे.

सोमवारी नगरपालिकेचा समारंभ होता. मोठी माणसं पहिल्या रांगेत होती. हे दुपारी गेले, सगळे दिवे चढवून-उतरवून बघितले, सगळं ठीक होतं. कपाटाला रंगाऱ्यांमुळे कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरकडे, म्हणून ते उघडलं नाही. साडेसहाला कार्यक्रम सुरू झाला. मी स्टेजच्या बाजूला पाण्याच्या बाटल्या मांडत होते. सात वाजले आणि भाषण करणाऱ्याच्या तोंडावरचा उजेड थांबला. मला वाटलं, नेहमीसारखा परत येईल. आला नाही. थोड्या वेळानं एकेक दिवा मंद होत गेला आणि तो मोठा माणूस काळोखात बोलत राहिला. मग तोही थांबला. कोणीतरी शिट्टी वाजवली. लोक हसले.

हॉलचे छतावरचे दिवे भिंतीच्या बटणानं लावले आणि कार्यक्रम तसाच उरकला, लग्नाच्या मांडवासारखा सगळीकडे सारखा उजेड. हे मागच्या खोलीतून धावत आले, कपाटाची किल्ली मागायला. मॅनेजर दातओठ खाऊन म्हणाला, “तू कशाला हात लावू नकोस. उद्या कंपनीची माणसं येऊन बघतील.”

मंगळवारी सकाळी कंपनीचा साहेब आला आणि त्याच्याबरोबर आमचा मुलगा. कायम झाल्यावरचं त्याचं हे पहिलं मोठं काम. मला बघून त्यानं मान हलवली, जवळ आला नाही. मी बादली घेऊन बाजूला झाले. मॅनेजरनं कपाट उघडलं. मुलानं आत वाकून बघितलं. पेटी मेलेली होती, हिरवा दिवा बंद. त्याचा हात प्लगपाशी गेला आणि घड्याळासकट प्लग बाहेर आला.

तबकडीवर शनिवार होता.

साहेबानं ते त्याच्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि मोठ्यानं हसला. “शब्बाथचं घड्याळ? माझ्या पेटीला?” मग मॅनेजरकडे वळून म्हणाला, “तुमच्या हॉलमध्ये हिंदी लोकांचा शब्बाथ आहे. तो सोमवारी येतो!”

मॅनेजरही हसला. हे पायऱ्या उतरून येत होते, ते अर्ध्यावर थांबले. तबकडी लांबून दिसली तेवढ्यात त्यांना सगळं कळलं असणार. तिथूनच म्हणाले, “रविवारी मी नव्हतो. दर रविवारी मी बघतो.”

मॅनेजरनं विचारलं, “म्हणजे इतके महिने हेच चाललं होतं?”

साहेब म्हणाला, “दुसरं काय?”

“नाही,” हे म्हणाले, “हे फक्त कालचं. बाकीच्या वेळी पेटी आपली आपण परत—”

“घड्याळाला काय, मनात आलं की चालू, मनात आलं की बंद,” साहेब म्हणाला. मग आमच्या मुलाला विचारलं, “बरोबर ना?”

मी मुलाकडे बघत होते. त्याला माहीत होतं. असं घड्याळ त्याच्या खोलीत तो जन्मल्यापासून आहे. ते आपल्या मनानं चालू-बंद होत नाही, हे लहान मूलही सांगेल. हेही त्याच्याकडे बघत होते, पायरीवर एक पाय तसाच ठेवून.

तो खाली बघत म्हणाला, “असू शकतं.”

एवढंच. नंतर त्यानं पेटीचा प्लग सरळ भिंतीत लावला, हिरवा दिवा लुकलुकू लागला. साहेबानं घड्याळ मॅनेजरच्या हातात ठेवलं. मॅनेजरनं ते बरेच दिवस आपल्या टेबलावर ठेवलं होतं, आल्या-गेल्याला दाखवायला.

यांना काढून टाकलं नाही. म्हातारा माणूस आहे, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, म्हणून दारावर उभं केलं. तिकिटं फाडायची, उशिरा आलेल्यांना बॅटरी दाखवून जागेवर न्यायचं. काचेच्या खोलीत दुसरा माणूस बसू लागला. त्याला काही समजावून सांगावं म्हणून हे दोनदा वर गेले. तिसऱ्यांदा मॅनेजर म्हणाला, “हबीबी, तुझी जागा खाली.” हबीबी म्हणजे माझ्या लाडक्या.

साहेबाचा विनोद हॉलमधून बाजारात गेला आणि बाजारातून आमच्या सिनेगॉगमध्ये आला. आमचीच माणसं, मराठीत बोलणारी, आमच्या घरचा मलिदा खाल्लेली. दारात भेटली, की म्हणायची, “काय हो, आज शनिवारच ना? नाही, तुम्हांला विचारून घेतलेलं बरं!” हे हसायचे. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसले. मग मागच्या बाकावर बसायला लागले आणि प्रार्थना संपायच्या आधी निघायला लागले.

एके दिवशी यांनी आमच्या घरातली शब्बाथची घड्याळं काढून खोक्यात घातली. माझ्या बहिणीनं मागितली होती, तिला देऊन टाकली. तेव्हापासून आमच्या घरात शुक्रवारी लावलेला दिवा शनिवारी शब्बाथ उतरेपर्यंत जळतो. मला उजेडात झोप येत नाही, मी तोंडावर ओढणी घेऊन पडते. फ्यूज गेला तर हे शेजाऱ्याला बोलावतात. शेजारी शिंपी आहे. ज्या माणसानं अख्ख्या हॉलच्या तारा हातानं ओळखल्या, तो शिंप्याच्या मागे बॅटरी धरून उभा राहतो आणि विचारतो, “बरोबर आहे ना? मी नाही हात लावत. माझा हात चुकतो.”

मी किती वेळा म्हटलं, “एका दिवसाची चूक होती.”

“एका दिवसाची कशी? त्या पोरानं बघितलं ना उघडून. तो शिकलेला आहे. बाकीच्या वेळीही घड्याळच असणार. मी म्हातारा झालो, मला नीट लावता आलं नसेल.”

हे ऐकलं, की माझ्या अंगाचा भडका उडायचा. कारण हिरवा दिवा मी पाहिला होता, सकाळ-सकाळ उभी राहून. पण माझं पाहणं कुठे धरतात?

दिवे त्यानंतरही थांबले. यांच्यामागून दोन-तीनदा तर नक्कीच. मी हॉलमध्ये होते. तेव्हा माना मागे वळल्या, पण कोणी हसलं नाही, आणि नवीन माणसाला कोणी सबा म्हटलं नाही. मग एका सकाळी कंपनीची दोन माणसं आली, कपाटातली पेटी काढून दुसरी बसवली, तिच्याखाली एक लहान पंखा लावला आणि चहा न पिता निघून गेली. त्यानंतर दिवे कधी थांबले नाहीत. मॅनेजर म्हणायचा, “बघा, तो म्हातारा खाली आला आणि हॉल सुधारला.” तो हे दारावर उभ्या असलेल्या यांच्यासमोर म्हणायचा, पाठीवर थाप मारून.

त्यानंतर कधीतरी, शुक्रवारी दुपारी, मी स्वयंपाकघरात होते. मुलगा लवकर आला होता. हे खाली बाजारात कोथिंबीर आणायला गेले होते. मी मुलाला सहज म्हटलं, की तुमच्या लोकांनी आमच्या हॉलची पेटी बदलली. तो भांड्यातले शेंगदाणे खात होता.

“सगळीकडे बदलल्या,” तो म्हणाला. “त्या पेट्याच खराब होत्या, इमा. सगळा माल तसाच आला होता. बंद कपाटात तापल्या, की आपल्या आपण बंद पडून परत सुरू व्हायच्या. हैफाला पण तसंच. स्टेजचे दिवे जळायला लागले, की कपाट भट्टी होतं. सकाळी थंड असताना काही नाही व्हायचं.”

माझ्या हातात पिठाचा गोळा होता. तो मी खाली ठेवला.

“तुला हे कधी कळलं?”

“नक्की नंतर कळलं. संशय आधीपासून होता.”

“आधीपासून म्हणजे? त्या मंगळवारी?”

तो शेंगदाणे खायचा थांबला. “इमा, मी नुकता कायम झालो होतो. साहेब समोर उभा. आणि सोमवारी तर खरोखरच घड्याळ होतं ना? मी खोटं काही बोललो नाही.”

“मग आता सांग. अबांना सांग. त्यांना वाटतं, सगळं त्यांच्याच हातून झालं. ते घरात बटणाला हात लावत नाहीत, तुला दिसत नाही?”

“दाय, इमा.” पुरे, असं. “आता काय उपयोग? त्यांना निवृत्तीचे पैसे मिळणारच आहेत. ते जाऊन मॅनेजरला सांगतील, मॅनेजर कंपनीला विचारेल, आणि कंपनी विचारेल, बाहेर कोण बोललं. माझं घर या पगारावर चालतं.”

ज्या नोकरीसाठी त्या माणसानं सकाळभर नारळ खवले, त्या नोकरीसाठीच हा गप्प राहिला. हे मी त्याला मराठीत सांगितलं, चांगलं मोठ्यानं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज एवढा चढला असेल. तो म्हणाला, “शेजारी ऐकतील.” एवढ्यात हे कोथिंबीर घेऊन आले आणि त्याला बघून खूश झाले.

मी वाट बघितली. सणामागून सण गेले. पेसाखला तो आमच्या टेबलाशी बसला, मिसरच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट वाचली, खाल्लं, गेला. हे निवृत्त झाले. हॉलनं एक भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मॅनेजरला त्यात पुन्हा एक विनोद सुचला असणार. मुलगा त्या समारंभाला आला होता, टाळ्या वाजवत होता.

शेवटी मीच सांगितलं. यांची तब्येत बिघडायला लागली होती आणि मला वाटलं, हे मनावरचं ओझं घेऊन या माणसानं का जावं. सकाळी चहा घेत होतो. मी सगळं क्रमानं सांगितलं. पेटी खराब होती, तापायची. हैफालाही तसंच. म्हणून सकाळी आपल्याला काही सापडायचं नाही. एक सोमवार सोडला, तर तुमचा काही दोष नव्हता.

हे ऐकत होते. तापायची हे ऐकल्यावर डोळ्यांत काहीतरी हललं, मी बघितलं. बोटं टेबलाच्या कडेवरून सरकत गेली.

“तापायची,” हे म्हणाले. “हो. तापली असेल.” मग विचारलं, “तुला कोणी सांगितलं?”

“त्यानं.”

“आपल्या?”

“हो. त्याला तेव्हाच संशय होता. त्या मंगळवारीच.”

यांनी मग चहाचा कप खाली ठेवला आणि हसले. ते तसं समजुतीनं हसतात, तेव्हा मला त्यांचा राग येतो.

“तुला बरं वाटावं म्हणून बोलला असेल तो. तू जीवाला लावून घेतेस, त्याला माहीत आहे. मुलं आईची अशी समजूत घालतात.”

“अहो, समजूत नाही. त्यानं सांगितलं, पेट्याच—”

“अगं, तसं असतं, तर तो तिथल्या तिथे बोलला असता. मी समोर उभा होतो. साहेबासमोर नसता बोलला, तर घरी येऊन बोलला असता. माझ्याशी बोलला असता.” त्यांनी कप उचलून विसळायला घेतला. “माझा मुलगा आहे तो. बापावर असा आळ येऊ देईल?”

मी टेबल पुसायला घेतलं. आणखी बोलायचं म्हणजे त्यांच्या हातातलं तेवढंही काढून घ्यायचं.

त्या शुक्रवारी मुलगा आला. हे त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मराठीत विचारलं, “काम कसं चाललंय रे?”

“सगळं ठीक, अबा,” तो हिब्रूत म्हणाला.

मी त्याच्या ताटात भात वाढला.